गडकरीच्या विंगेपासून मोरबेच्या पाण्यापर्यंत : आपल्या संस्था आतून बघायच्या का?

चरईकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ठाण्यात पाहुणे आले की आपण त्यांना तलावपाळी, उपवन, येऊर दाखवतो. नवी मुंबईत पाम बीच रोड आणि थंडीत फ्लेमिंगो. त्याला हरकत नाहीच. पण ही दोन्ही शहरं ज्यांच्या जोरावर चालतात त्या संस्था आपण स्वतःसुद्धा कधी आतून बघितलेल्या नसतात. नाट्यगृह म्हणजे आपल्याला खुर्ची माहीत, वाचनालय म्हणजे काउंटर, महापालिका म्हणजे कर भरायची खिडकी आणि पाणीपुरवठा म्हणजे सकाळचा नळ. त्यामागे काय चालतं ते रीतसर परवानगी काढून, तिथे काम करणाऱ्या माणसांकडून समजून घ्यावं, यासाठी हा धागा.

दुसरीकडे हे होतंय. मुंबई महापालिकेचं मुख्यालय २०२१ पासून शनिवार-रविवारच्या वारसा फेरीसाठी लोकांना खुलं झालं. येरवडा कारागृहात त्याच वर्षी २६ जानेवारीला जेल पर्यटन सुरू झालं. अहमदाबादची हेरिटेज वॉक १९९७ पासूनची. लंडनमध्ये तर १९९२ पासून दरवर्षी काही दिवस शेकडो इमारती लोकांसाठी आतून मोकळ्या ठेवतात.

आपल्याकडे काय कमी आहे? ठाणे नगर वाचन मंदिर १८५० चं, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली (१६ एप्रिल १८५३) त्याच्याही आधीचं. मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ चं. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. नगरपालिका १८६३ ची, महापालिका १९८२ ची. गडकरी रंगायतन १९७८ चं, नूतनीकरण होऊन २०२५ मध्ये पुन्हा उघडलेलं. खाडीपलीकडे वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, बेलापूरचं पालिका मुख्यालय, ऐरोलीचं डॉ. आंबेडकर स्मारक, तुर्भ्याचा बाजार, आणि महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं मोरबे धरण.

माझ्या मनात एकच गोष्ट पक्की आहे. रिकामी इमारत बघायची नाही. घुमट कुठल्या शैलीचा आणि फरशी कुठून आणली एवढंच ऐकून परत यायचं असेल तर त्याला माहितीपत्रक पुरतं. काम चालू असतानाची वेळ हवी आणि दाखवणारा माणूस रोज ते काम करणारा हवा.

कुणी अशा भेटी केल्या असतील, किंवा कुणी आत काम करत असाल, तर लिहा. पाच-सहा ठिकाणं पक्की झाली की अर्ज करण्याची जबाबदारी मी घेतो.

---

आईची_रोजनिशी

फारच हवा असलेला धागा. माझी मुलं सहावी आणि नववीत आहेत. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात स्थायी समिती आहे, महापौर आहे, आयुक्त आहेत. परीक्षेपुरतं पाठ होतं आणि मार्चनंतर विसरतात. सभागृहाच्या प्रेक्षक सज्जात एकदा बसवलं तर ते धडे वेगळेच कळतील.

एक सोपी सुरुवात सुचवते : अग्निशमन केंद्र. दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. या आठवड्यात केंद्रांवर प्रात्यक्षिकं होतात आणि जवान मुलांशी अगदी मन लावून बोलतात. आम्ही गेलो होतो तेव्हा एका जवानाने पूर्ण पोशाख मुलाच्या हातात दिला. नुसता कोट धरून त्याचे हात खाली आले. जिने चढून जाताना अंगावर हे सगळं, पाठीवर हवेचा सिलेंडर आणि खांद्यावर होज, असं त्यांनी सांगितल्यावर पोरं गप्प झाली.

---

खाडीपलीकडे

चरईकर, तुमच्या यादीत नवी मुंबईतली सगळ्यात महत्त्वाची जागा राहिली. धारण तलाव.

वाशी, कोपरखैरणे, बेलापूर इथल्या बऱ्याच लोकांना ते फिरायचं तळं वाटतं. प्रत्यक्षात आपण राहतो त्यातली बरीचशी जमीन खाडीतल्या मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पुढे या भागात भराव-बांधकाम सुरू झालं, तेव्हा सगळी जमीन उचलून वर आणण्याएवढी माती आणि पैसा लागला असता. म्हणून हॉलंडमध्ये समुद्रसपाटीखालच्या जमिनी राखतात ती पद्धत इथे घेतली. बाहेरून बांध, आत मोठाले तलाव, आणि तलाव व खाडी यांच्या मधे झडपा.

ही झडप जवळून बघण्यासारखी आहे. जाडजूड लोखंडी दार, वरच्या बाजूला बिजागऱ्या, खाडीच्या दिशेने उघडणारं. ओहोटीला तलावातलं पाणी ते दार ढकलून बाहेर पडतं. भरती चढू लागली की खाडीचंच पाणी बाहेरून दाबतं आणि दार बंद होतं. मोटर नाही, वीज नाही, बटण दाबणारा माणूसही नाही. मग भरतीचे ते काही तास शहरात पडणारा सगळा पाऊस गटारांतून तलावात येऊन थांबतो आणि ओहोटी लागली की सुटतो. मोठा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की आपल्याकडे पाणी का तुंबतं, हे तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि ही व्यवस्था कशाने बिघडते तेही दिसतं. दार आणि चौकट यांच्यात प्लास्टिकचा एक बोळा अडकला तरी फट राहते आणि भरतीचं खारं पाणी आत घुसतं. तलावात वर्षानुवर्षं गाळ साचलाय, म्हणजे पाणी मावायची जागा कमी झालीय. गाळात खारफुटी वाढलीय. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे न्यायालयाच्या परवानगीशिवाय गाळ उपसता येत नाही. खारफुटी वाचवायची की तलाव मोकळा करायचा, दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि ज्याने ती जागा बघितलेली नाही त्याचं यावरचं मत वरवरचं राहतं. म्हणून माझा आग्रह आहे की पहिली भेट इथेच असावी.

---

विंगेतला_माणूस

मी नाटकांच्या बॅकस्टेजला काम करतो. गडकरी, घाणेकर, भावे, कल्याणचं अत्रे, सगळीकडे असतो. धागा वाचून बरं वाटलं, पण दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

चालू कामात बाहेरचा माणूस विंगेत नको. हौस म्हणून येतात, फोन काढतात, आणि त्यांना कळत नाही की डोक्यावरून काय जातंय. दुपारचा प्रयोग संपला की रात्रीच्या नाटकाचा सेट लागेपर्यंत आमच्या हातात मोजका वेळ असतो. पहिल्यांदा उतरणारा सेट बाहेर, मग नवा आत. फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी, उभे करायचे, एकमेकांना दोरीने आवळायचे, मागून टेकू द्यायचे, लेव्हल (रंगमंचावरचे चौथरे) ठोकायच्या, दारं-खिडक्या उघडतात का बघायचं, वर लाइटवाला शिडीवर. त्या वेळात फ्लॅट कलंडला तर पाय तुटतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

दुसरं, आम्हाला नाइटप्रमाणे पैसे मिळतात. प्रयोग झाला तर नाइट, नाही झाला तर नाही. त्यामुळे ‘जरा थांबून समजावून सांगा’ म्हटलं की त्या माणसाच्या जेवणाच्या वेळेतून ते जातं. समजावून सांगायला कुणाला बोलावणार असाल तर त्याचे पैसे द्या. फुकटात सत्कार आणि गुलाबाचं फूल नको.

आता काय करता येईल ते सांगतो. पडदा उघडा ठेवून तुम्ही प्रेक्षागृहात खुर्च्यांवर बसा. रिकामा रंगमंच घर होताना पुढून बघा. व्यवस्थापक आणि निर्माते हो म्हणाले तर याला कुणाची ना नसावी. तासाभरात भिंती उभ्या राहतात, भिंतीवर कॅलेंडर लागतं, टेबलावर पेपर येतो. सेट लागला की पाच-पाच जणांना आत घेऊन प्रॉपर्टीचं टेबल दाखवता येईल. त्यावर प्रत्येक वस्तू एंट्रीच्या क्रमाने मांडलेली असते : पत्र, चष्मा, पिशवी, दारूच्या ग्लासात कोरा चहा. आणि रंगमंचावर रेडियमच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. ब्लॅकआउटमध्ये नटाला त्यावरूनच कळतं की खुर्ची कुठे आहे आणि पायरी कुठे संपते. प्रेक्षकाला त्या कधी दिसत नाहीत. दिवे घालवून एकदा दाखवल्या तर लोक आयुष्यभर लक्षात ठेवतील.

---

चरईकर

@विंगेतला_माणूस, दादा, तुमचे दोन्ही मुद्दे अर्जात जसेच्या तसे घालतो. मानधनाचं तर माझ्या लक्षातच आलं नसतं असं नाही, पण तुम्ही सांगितल्याने त्याला वजन आलं. प्रत्येकी ठरावीक रक्कम काढू आणि ती संस्थेला देणगी म्हणून न देता थेट समजावणाऱ्या कामगाराला देऊ.

खुर्चीत बसून सेट बघायची कल्पना फार आवडली.

---

नौपाड्याची_सून

+१. सेट लागताना बघायला मी कधीही तयार आहे. सासूबाईंनाही आणेन, त्यांनी गडकरीला सुरुवातीपासूनची नाटकं बघितलीत.

---

कपाट_क्रमांक_७

वाचनालयात काम करते (कुठल्या ते विचारू नका), म्हणून ग्रंथालयांबद्दल थोडं.

लोकांना वाटतं ग्रंथालयाची मागची बाजू म्हणजे धूळ. मागे खरं तर सतत लढाई चालू असते : दमट हवा, वाळवी, कसर आणि कागदाचं स्वतःचं आम्ल. ठाण्यासारख्या खाडीकाठच्या गावात पावसाळ्याचे चार महिने जुन्या कागदाला जड जातात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला कागद बऱ्याचदा नंतरच्या कागदापेक्षा चांगला टिकलाय, कारण तो चिंध्यांपासून बनवलेला असायचा. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, आणि तो शंभर वर्षांत तपकिरी होऊन कडेने तुटायला लागतो. म्हणजे १८४० चं पुस्तक उलगडता येतं आणि १९२० चं हातात चुरा होतं. हे बघितलं की नव्या वाचकाला धक्का बसतो.

मराठीत साधारण १८६७ पर्यंत छापलेल्या पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात. पाळण्यातली छपाई. त्या वर्षी छापखाने आणि पुस्तकं यांच्या नोंदणीचा कायदा आला, म्हणून ती सीमारेषा. यातली काही शिळाप्रेसवर काढलेली असतात, म्हणजे हाताने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून त्यावरून छापलेली. अक्षर पोथीसारखं दिसतं, आणि एका पानावरचा लेखकू थकला की ओळ किंचित खाली झुकलेली दिसते. हे काचेबाहेरून कळत नाही. पान समोर उघडून, आडव्या उजेडात दाखवावं लागतं.

बांधणीचा कोपरा मात्र प्रत्येकाने बघावा. जुनी पाठ फोडायची, पानं क्रमाने लावायची, फाटलेल्याला पातळ कागदाची ठिगळं, मग शिवण, मग खळ. खळीत आमचे बाइंडरकाका मोरचूद घालतात, नाहीतर त्या पिठावर कीड तुटून पडते. निळसर खळ बघून एकदा एका मुलीने विचारलं होतं की यात शाई सांडली का. काका तिला अर्धा तास समजावत बसले. ती आता आमची सभासद आहे.

विनंती एवढीच : आठ-दहापेक्षा जास्त माणसं नकोत, हात धुऊन कोरडे करून या, पान उलटताना बोट जिभेला लावू नका, आणि फ्लॅश नको. आणि भेट झाल्यावर सभासद व्हा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे, अनुदान मिळतं, पण संस्थेला बळ वर्गणी भरून पुस्तक नेणाऱ्या माणसाचंच असतं.

---

उतारू

चांगली चर्चा चालली आहे. मला थोडा विरोधी सूर लावायचाय.

ठाणे कारागृहाचं नाव अजून कुणी घेतलं नाही, पण ते येणारच. इतिहास म्हणून त्याच्याएवढी जागा ठाण्यात दुसरी नाही. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातल्या कैदेतून निसटले. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये इथे फाशी दिलं. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला मारलं २१ डिसेंबर १९०९ ला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला फाशी झालं ते ठाण्यात.

पण ते आज मध्यवर्ती कारागृह आहे. आत माणसं आहेत, त्यातली बरीच अजून दोषी ठरलेलीसुद्धा नाहीत. ‘चालू काम बघायचं’ हा धागाकर्त्याचा नियम तिथे लावला तर आपण कैद्यांना बघायला जाणार. माझ्या मते ते चूक आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयाचंही तेच. १९०१ पासूनची संस्था, वास्तू जुनी, आवार मोठं. पण तिथले रुग्ण कुणाच्या सहलीचा भाग होऊ शकत नाहीत. ज्याला ‘नको’ म्हणायची मुभा नाही त्याच्या घरात पाहुणा म्हणून जाऊ नये.

---

चरईकर

@उतारू, मनोरुग्णालयाबद्दल पूर्ण सहमत. ते यादीत नसेल.

कारागृहाबद्दल मला वेगळं वाटतं. फाशीची जागा आणि क्रांतिकारकांचं स्मारक बघण्याचा हक्क ठाणेकरांना हवा. कैद्यांच्या बराकींपासून पूर्ण वेगळा मार्ग, ठरलेली वेळ, आणि कैदी दिसणार नाहीत अशी व्यवस्था असेल तर का नको? १९ एप्रिलला आपल्या मुलांना तिथे नेता यावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

---

उतारू

वेगळा मार्ग झाला तर तेवढ्यापुरतं मान्य. पण मग तुमचा ‘चालू काम’ नियम तिथे लागू नाही हे आधीच लिहून ठेवा. नाहीतर उद्या कुणीतरी बराक दाखवा म्हणेल आणि दाखवणाराही सापडेल.

---

पंपहाऊस

पाणीपुरवठ्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. सगळं वाचलं. खाडीपलीकडे यांनी धारण तलावाचं अचूक लिहिलंय.

ठाणेकरांना आधी हे सांगायला हवं की ठाण्याचं पाणी एका ठिकाणाहून येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार हातांतून ते येतं. त्यामुळे तुमच्या सोसायटीत पाणी बंद आणि समोरच्या सोसायटीत चालू, असं होतं. भातसा नदीवर पिसे इथे बंधारा आहे, तिथून उचललेलं पाणी टेमघरला शुद्ध होतं. पिसे बंधाऱ्याची दारं हवा भरलेल्या मोठ्या रबरी फुग्यांवर तोललेली असतात. हवा भरली की दार उभं राहून पाणी अडतं, हवा सोडली की आडवं होतं. एवढ्या मोठ्या शहरांचं पाणी अशा फुग्यांवर टेकलेलं आहे हे बघितलं की गळतीमुळे अचानक पाणीकपात जाहीर होते तेव्हा माणूस कारण समजून घेतो.

नवी मुंबईचं चित्र वेगळं. धावरी नदीवरचं मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे, महापालिकेने ते विकत घेतलं, स्वतःचं धरण असलेल्या मोजक्या महापालिकांत तिचं नाव आहे. धरणाची पूर्ण पातळी ८८ मीटर, भोकरपाड्याचं जलशुद्धीकरण केंद्र ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचं.

केंद्रात गेलात तर मोठ्या टाक्यांआधी प्रयोगशाळेत जा. तिथे जार टेस्ट चालते : ओळीने काचेची भांडी, प्रत्येकात तेच नदीचं पाणी, आणि वर फिरणारी पाती. प्रत्येक भांड्यात तुरटीचा किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइडचा डोस वेगळा. पाती आधी जोरात फिरतात, मग हळू. थोड्या वेळाने एका भांड्यात बारीक कापसासारखे पुंजके दिसू लागतात, जड होतात, बसतात, आणि वरचं पाणी नितळ होतं. शेजारच्या भांड्यात डोस कमी पडला म्हणून गढूळच, त्याच्या पलीकडे जास्त झाला म्हणून पुन्हा गढूळ. बरोबर कुठला ते बघून त्या दिवशी सबंध शहराला किती रसायन लागेल ते ठरतं. पावसाळ्यात पहिला लोंढा आला की हे दिवसातून अनेकदा करावं लागतं, कारण नदी तासागणिक रंग बदलते. आमच्यातले जुने केमिस्ट भांड्याकडे बघूनच आकडा सांगायचे आणि मग यंत्र तोच दाखवायचं.

पुढे निवळण टाक्या, वाळूचे फिल्टर, क्लोरिन. फिल्टर उलटा धुताना, बॅकवॉश म्हणतो आम्ही, सज्जात उभं राहून बघा. खालून हवा आणि पाणी सोडलं की वाळूतून चॉकलेटी ढग वर येतो. एरवी तो आपल्या पेल्यात असता. शेवटी नळाला पोचेपर्यंत पाण्यात थोडा क्लोरिन शिल्लक राहायलाच हवा, मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम. वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्यांना मी नेहमी हे सांगायचो.

नियम कडक असतात आणि असायलाच हवेत. ओळखपत्र, नावांची यादी आधी, फोटो नाही, क्लोरिनच्या खोलीकडे कुणीही जायचं नाही. तिथे मास्क आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा असतो, तो उगीच नाही.

सांडपाण्याची केंद्रंही बघा, नाक मुरडू नका. नवी मुंबईने यात मोठं काम केलंय. कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाणी पुढच्या पातळीपर्यंत शुद्ध करून उद्योगांना देण्याची केंद्रं आहेत, प्रत्येकी २० दशलक्ष लिटरची. तेवढं पिण्याचं पाणी वाचतं.

---

आईची_रोजनिशी

पंपहाऊस काका, हे वाचून मुलीला मी जार टेस्टबद्दल सांगितलं. तिने शाळेच्या प्रकल्पासाठी घरी तुरटीवर करून बघायचं ठरवलंय. तुम्ही भेटीच्या वेळी बरोबर याल का?

---

पंपहाऊस

येईन की. गुडघा साथ देईल तिथवर येईन. मुलीला सांगा, तुरटी आधी पाण्यात विरघळवून घ्यायची आणि मग थेंब मोजून टाकायची. खडा फिरवला तर मोजता येत नाही.

---

कोपरखैरणेकर

एपीएमसी, म्हणजे तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजाराबद्दल मी लिहितो. वडील माथाडी होते, कांदा-बटाटा बाजारात. पाटण तालुक्यातून आले ते इथलेच झाले.

बाजार बघायचा तर दिवसा उजाडल्यावर जाऊन उपयोग नाही. भाजीच्या गाड्या रात्रीपासून लागतात. पहाटे मार्केट भरात असतं आणि तुम्ही ऑफिसला निघता तेव्हा झाडलोट चालू असते. पाच बाजार आहेत : कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला, धान्य. प्रत्येकाचा वास वेगळा, घड्याळ वेगळं आणि बोलीही वेगळी. हापूसच्या हंगामात फळ बाजारात पेटी उघडून वास घेऊन, देठाजवळ अंगठा टेकवून माल पारखणारे लोक बघा. पूर्वी भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, आजूबाजूच्याला कळू नये म्हणून. कुठलं बोट म्हणजे किती, हे वडिलांनी मला लहानपणी माझ्याच हातावर दाबून शिकवलं होतं.

माथाडींबद्दल माहिती घेतल्याशिवाय मात्र जाऊ नका. १९६९ चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांची संघटना, नोंदणी, मंडळामार्फत मजुरी. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना मिळाला तो या लढ्याने. गोणी ५० किलोच्या वर नको हा आग्रहसुद्धा त्यांचाच. वडिलांच्या काळात ते नव्हतं, त्यांच्या मानेमागे घट्टा होता तो शेवटपर्यंत गेला नाही. वाटेत उभं राहून फोटो काढणाऱ्याला ‘बाजू’ म्हणून ओरडतात ते उद्धटपणाने नाही. पाठीवर वजन असलेला माणूस मधेच थांबू शकत नाही.

---

पाचपाखाडी_जुनी

परवानगीवर दोन शब्द, कारण बऱ्याच जणांचा उत्साह तिथेच संपतो. एका सरकारी खात्याच्या केंद्राला भेट द्यायला मी अर्ज केला होता. आधी म्हणाले वरून पत्र आणा, वरचे म्हणाले केंद्रप्रमुख ठरवतील, केंद्रप्रमुखांची बदली झाली, नवे आले ते म्हणाले नव्याने अर्ज करा. उद्देश काय, हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. ‘बघायचंय’ हे कुणाला पटेना. आपणच पैसे भरून चालवतो ते बघण्याला वेगळा उद्देश कशाला लागतो?

तरी मार्ग आहेत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात ‘माहितीचा अधिकार’ याच्या व्याख्येतच कामाची, कागदपत्रांची आणि अभिलेखांची पाहणी करण्याचा हक्क आहे. लोक फक्त प्रती मागतात, पाहणी मागतच नाहीत. शिवाय राज्य सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अभिलेख बघायला मिळतात. आपल्या प्रभागातल्या रस्त्याची फाइल, तिच्यावरच्या टिपण्या, कुणाची सही कधी झाली, हे सगळं. एका फाइलला किती टेबलं फिरावं लागतं हे बघणं हीसुद्धा पडद्यामागची फेरीच आहे, आणि तिला मार्गदर्शक लागत नाही.

सर्वसाधारण सभाही बघा. विषयपत्रिका आधी मिळवा, एकच विषय निवडा आणि तो लागेपर्यंत बसा. मधेच उठलात तर हाती फक्त गोंधळ लागतो.

---

नौपाड्याची_सून

सोमवारचं खरंच माहीत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या गटाराच्या कामासाठी जाऊन बघते.

एक विचारायचं होतं. सासूबाई व्हीलचेअरवर असतात. वर लिहिलंय त्यातलं त्यांना काय बघता येईल?

---

विंगेतला_माणूस

आजींना प्रेक्षागृहातून सेट बघता येईल, त्याला अडचण नाही. आधी कळवा, पुढच्या रांगेच्या कडेला जागा धरायला सांगतो. रंगमंचावर आणायचं असेल तर सेटचं सामान आत घेतात त्या बाजूने आणू. मी आणि आमचे दोघे-तिघे असतो.

---

कपाट_क्रमांक_७

वाचनालयात जिन्याची अडचण आहे. पण जुनी पुस्तकं खाली आणून टेबलावर दाखवता येतील. तसं करायला आम्हाला आवडेल. त्यांनी तरुणपणी वाचलेलं एखादं पुस्तक कुठलं ते विचारून ठेवा, त्याची जुनी आवृत्ती आहे का बघते.

---

चरईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्जाचा मसुदा असा करतोय, दुरुस्त्या सांगा :

‘आम्ही ठाणे व नवी मुंबईतील नागरिक. आपल्या संस्थेचे दैनंदिन काम प्रत्यक्ष चालू असताना, आपण ठरवाल त्या वेळी व त्या मर्यादेत, पाहू इच्छितो. गट दहा जणांचा असेल, नावे व ओळखपत्रांच्या प्रती आधी दिल्या जातील. आपल्या परवानगीशिवाय छायाचित्रे घेतली जाणार नाहीत. समजावून सांगणाऱ्या कर्मचाऱ्यास वा कामगारास मानधन देण्याची आमची तयारी आहे, नियमात बसत नसल्यास तसे कळवावे. गटात ज्येष्ठ व व्हीलचेअर वापरणारे नागरिक आहेत. कर्मचारी, रुग्ण, कैदी किंवा वाचक यांपैकी कोणाचीही गैरसोय होत असल्यास भेट मध्येच थांबवण्यास आमची हरकत नाही.’

क्रम : धारण तलाव, नाट्यगृह, वाचनालय, सर्वसाधारण सभा, जलशुद्धीकरण केंद्र, पहाटेचा बाजार. कारागृहासाठी वेगळा अर्ज, फक्त स्मारक आणि फाशीच्या जागेपुरता. उतारू, तो मसुदा तुम्ही लिहून द्याल का? तुमच्या हातून मर्यादा नीट लिहिल्या जातील.

---

उतारू

देतो. रविवारपर्यंत.

---

खाडीपलीकडे

धारण तलावाचा दिवस सुट्टी बघून ठरवू नका, भरती बघून ठरवा. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस धरा, तेव्हा उधाण असतं. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत गेलात तर पाण्याचा चढ-उतार कमी, झडपेचं काम नीट दिसत नाही. भरती चढू लागतानाच पोचायचं, दार मिटताना बघायचं, आणि ओहोटी लागून ते पुन्हा उघडेपर्यंत थांबायचं. म्हणजे बरेच तास. टोपी आणि पाणी घेऊन या, तिथे सावली नाही. भरतीचं वेळापत्रक बघून तीन तारखा उद्या इथेच टाकतो, त्यातली ज्यांना जमेल ती सांगा.